आयर्लंडचे सरकारी पेन्शन : चाळीस वर्षांचा नियम न्याय्य आहे का, आणि उद्याचे पैसे कोण भरणार?

लिफीकाठ

या जानेवारीपासून आयर्लंडचे अंशदायी सरकारी पेन्शन, म्हणजे आपण इथे ज्याला काँट्रिब्युटरी पेन्शन म्हणतो ते, पूर्ण दराने आठवड्याला २९९.३० यूरो झाले आहे. ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात ही दहा यूरोंची वाढ जाहीर झाली तेव्हा आपल्याकडच्या गप्पा त्या दहा यूरोंपुरत्याच राहिल्या. पेन्शन मोजण्याची पद्धतच २०२५ पासून बदलू लागली आहे आणि तिचा मोठा फटका तिशी-पस्तिशीत इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना बसणार आहे, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हा बदल मला स्वतःला तोट्याचा आहे, तरीही तो योग्य आहे असे माझे मत आहे. ते मत आणि त्यामागचा हिशेब मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

जुनी पद्धत वार्षिक सरासरीची आहे. तुम्ही पहिल्यांदा पीआरएसआय, म्हणजे उत्पन्नातून जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता, भरला ते वर्ष आणि तुम्ही सहासष्ट वर्षांचे झालात ते वर्ष, या दोहोंच्या मधल्या काळात दरवर्षी सरासरी किती आठवड्यांचे अंशदान जमा झाले, एवढेच त्यात पाहिले जाते. सरासरी ४८ किंवा त्याहून अधिक असली की पूर्ण पेन्शन मिळते. प्रत्यक्ष भरलेली अंशदाने किमान ५२०, म्हणजे दहा वर्षांची, असावीत आणि पहिले अंशदान छप्पन्नाव्या वाढदिवसाआधीचे असावे, एवढ्याच मुख्य अटी. याचा परिणाम पाहा. पंचावन्नाव्या वर्षी आयर्लंडमध्ये प्रथमच नोकरीला लागून सलग काम करणाऱ्या माणसाची सरासरी ५२ भरते आणि जेमतेम अकरा वर्षांच्या अंशदानावर त्याला पूर्ण पेन्शन मिळते. उलट, अठराव्या वर्षी कामाला लागलेली, सहा वर्षांनी मुलाबाळांसाठी घरी थांबलेली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी परतून वीस वर्षे राबलेली बाई एकूण सव्वीस वर्षे पीआरएसआय भरते, पण तिची सव्वीस वर्षे अठ्ठेचाळीस वर्षांवर पसरली जातात, सरासरी २८ च्या आसपास येते आणि पेन्शन कापले जाते. सप्टेंबर २०१२ पर्यंत अशा सरासरीला निदान ९८ टक्के पेन्शन मिळत होते. काटकसरीच्या त्या वर्षांत टप्पे बदलले आणि नव्याने निवृत्त होणाऱ्यांसाठी तेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास घसरले. घर सांभाळण्याची वर्षे हिशेबातून वगळण्याची सोय होती, पण ती एप्रिल १९९४ नंतरच्याच वर्षांना लागू होती. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती त्या बायकांची मुले तोवर मोठी झालेली होती.

नवी पद्धत एकूण अंशदानांची आहे. २०८० अंशदाने, म्हणजे चाळीस वर्षे, भरली तर पूर्ण पेन्शन. कमी भरली तर त्या प्रमाणात. बारा वर्षांखालील मूल सांभाळणे किंवा आजारी, अपंग माणसाची पूर्णवेळ शुश्रूषा करणे यासाठी जास्तीत जास्त वीस वर्षे धरली जातात, आणि ती १९९४ च्या आधीची असली तरी चालतात. बेकारी किंवा आजारपणाच्या काळातील क्रेडिट, म्हणजे पैसे न भरता जमा धरलेली अंशदाने, दहा वर्षांपर्यंत मोजली जातात, मात्र दोन्ही मिळून मर्यादा वीस वर्षांचीच राहते. वर सांगितलेल्या सव्वीस वर्षे काम केलेल्या बाईला या पद्धतीने पूर्ण पेन्शन मिळू शकते. २०१९ पासून निवृत्तांना दोन्ही पद्धतींपैकी फायद्याची जी असेल ती मिळत होती. जानेवारी २०२५ पासून मात्र जुन्या सरासरीचा वाटा दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी होत आहे; यंदा तो ८० टक्के आहे आणि २०३४ मध्ये तो शून्यावर येईल. म्हणजे १९६८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला, या धाग्यावरच्या बहुतेक सर्वांना, केवळ चाळीस वर्षांचा नियम लागेल.

छत्तिसाव्या वर्षी पुण्याहून डब्लिनला आलेला अभियंता सहासष्टाव्या वर्षापर्यंत एकही आठवडा न चुकवता तीस वर्षे पीआरएसआय भरतो असे समजू. जुन्या पद्धतीने त्याला पूर्ण २९९.३० यूरो मिळाले असते. नव्या पद्धतीने १५६० भागिले २०८०, म्हणजे ७५ टक्के, आजच्या दराने आठवड्याला साधारण २२४ यूरो. फरक आठवड्याला ७५ यूरोंचा, वर्षाला सुमारे ३,९०० यूरोंचा, आणि तोही हयातभर.

तरीही मी या नियमाच्या बाजूने का? कारण सरासरीची पद्धत ज्यांना शिक्षा देत होती त्यांनी ती शिक्षा ओढवून घेतली नव्हती. १९७३ पर्यंत आयर्लंडच्या सरकारी सेवेत लग्न झालेल्या बाईला नोकरी सोडावी लागे. बँकांतही तीच रीत होती. कायद्याने आणि रूढीने जिला घरी बसवले, तिला म्हातारपणी पुन्हा तेच घरी बसणे अंगावर काढायला लावणे अन्यायाचे होते. आपल्याला मात्र त्याच पद्धतीने, आपण इथे नसतानाच्या वर्षांचे जणू पैसे भरल्यासारखे पेन्शन मिळत होते. तीस वर्षे भरणाऱ्याला तीस वर्षांचे मिळावे, यात मला अपमान वाटत नाही.

आता पैशांचा प्रश्न. आपण भरतो तो पीआरएसआय आपल्या नावाच्या खात्यात साठत नाही. तो सामाजिक विमा निधीत जातो आणि आजच्या वृद्धांना आजच दिला जातो. आज एका ज्येष्ठामागे काम करण्याच्या वयाची सुमारे साडेचार माणसे आहेत आणि या शतकाच्या मध्याला ती अडीचच्याही खाली जातील असा अंदाज आहे. याच कारणाने २०११ च्या कायद्याने पेन्शनचे वय २०२१ मध्ये ६७ आणि २०२८ मध्ये ६८ करण्याचे ठरवले होते. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत लोकांनी त्यावर राग काढला, वाढ आधी थांबली आणि मग कायद्यातूनच गेली. त्याच वर्षी जोसेफिन फीली यांच्या अध्यक्षतेखाली पेन्शन आयोग नेमला गेला. त्याने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात सांगितले की काहीच बदलले नाही तर निधीची वार्षिक तूट २०३० मध्ये दोन अब्ज यूरोंच्या वर आणि २०५० मध्ये तेरा अब्जांच्या वर जाईल. आयोगाने वय २०२८ पासून दरवर्षी तीन-तीन महिन्यांनी वाढवत २०३१ मध्ये ६७ आणि पुढे दर दोन वर्षांनी तीन महिन्यांनी वाढवत २०३९ मध्ये ६८ करावे असे सुचवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने वय ६६ च ठेवले आणि त्याऐवजी पीआरएसआय वाढवण्याचा मार्ग निवडला.

ती वाढ आपल्या पगारपत्रकात दिसू लागली आहे. नोकरदाराचा दर ४ टक्के होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४.१, ऑक्टोबर २०२५ मध्ये ४.२ झाला, आणि २०२८ पर्यंत तो ४.७ होणार आहे. या वाढीविरुद्ध माझी तक्रार नाही. पेन्शन सहासष्टाव्या वर्षीच हवे असेल तर त्याची किंमत अंशदानातूनच चुकवावी. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की ही किंमत सगळे सारखीच चुकवत आहेत का. आपापले अनुभव आणि आकडे अवश्य लिहावेत.

जास्वंद

लिफीकाठ, चाळीस वर्षांच्या नियमाविषयी तुमच्याशी सहमत आहे, पण त्यातली एक फट आपल्याच घरांतली आहे आणि ती नोंदवायला हवी.

मी कॉर्कच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या पिढीत जे कामाच्या परवान्यावर इथे आले, त्यांच्या जोडीदारांना स्टॅम्प ३ हा वास्तव्याचा शिक्का मिळत असे आणि त्यावर नोकरी करता येत नसे. क्रिटिकल स्किल्स, म्हणजे विशेष गरजेच्या कौशल्यांच्या, परवानाधारकांच्या जोडीदारांना वेगळ्या परवान्याशिवाय काम करण्याची मुभा मार्च २०१९ मध्ये मिळाली, आणि सर्वसाधारण परवानाधारकांच्या जोडीदारांना तर मे २०२४ मध्ये. त्यापूर्वी कित्येक सुशिक्षित स्त्रिया, शिक्षिका, फार्मासिस्ट, संगणक अभियंत्या, पाच-पाच, सात-सात वर्षे घरी बसून होत्या. हे बसणे त्यांनी निवडलेले नव्हते. १९७३ आधीच्या आयरिश बायकांविषयी तुम्ही जे लिहिले, तेच यांनाही लागू पडते. ज्यांच्या पदरी बारा वर्षांखालील मूल होते त्यांची ती वर्षे निदान होमकेअरिंगच्या, म्हणजे घरी मूल सांभाळल्याच्या, नावाने धरली जाण्याची आशा आहे. ज्यांना मूल नव्हते त्यांची वर्षे कोरीच राहणार.

एक चांगली गोष्टही सांगते. जानेवारी २०२४ पासून वीस किंवा त्याहून अधिक वर्षे शुश्रूषा करणाऱ्यांसाठी वेगळी अंशदाने दिली जाऊ लागली आहेत. अपंग मुलाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या आया माझ्या वॉर्डात दर आठवड्याला दिसतात. त्यांनी सरकारचा जो खर्च वाचवला त्यापुढे हे पेन्शन काहीच नाही.

वय वाढवण्याच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. मुदतवाढीचा विचार करणारे बहुतेक जण खुर्चीत बसून काम करतात. रुग्णाला उचलणे, बारा तासांची पाळी, रात्रपाळी हे सगळे सदुसष्टाव्या वर्षी करणे शक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या विभागात एक रात्र काढावी. सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार सर्वांत वंचित आणि सर्वांत सुस्थित भागांतील पुरुषांच्या आयुर्मानात सुमारे पाच वर्षांचा फरक आहे. वय एका वर्षाने वाढले की गरीब वस्तीतल्या माणसाच्या पेन्शनच्या वर्षांतला मोठा हिस्सा जातो आणि सुखवस्तू माणसाचा लहान.

ताळेबंद

मूळ प्रश्नाकडे येतो : किंमत सगळे सारखी चुकवतात का? नाही, आणि फरक लहानसहान नाही.

पीआरएसआयच्या क्लास ए या वर्गातला नोकरदार आज ४.२ टक्के भरतो, आणि ठरावीक पगाराच्या वर त्याच्यासाठी मालक ११.२५ टक्के भरतो, ज्यात एक टक्का प्रशिक्षण निधीचा आहे. म्हणजे त्या नोकरीपोटी पगाराच्या पंधरा टक्क्यांहून अधिक रक्कम जमा होते. स्वयंरोजगार करणारा, म्हणजे क्लास एस, स्वतःचे ४.२ टक्के भरतो आणि त्याच्या बाजूने दुसरे कोणी काही भरत नाही. सहासष्टाव्या वर्षी मात्र दोघांना मिळणारे पेन्शन एकच असते. १९८८ मध्ये स्वयंरोजगारी लोकांना विम्यात आणले ते योग्यच झाले; दर मात्र त्यानंतर कधीच लाभाच्या जवळपास गेला नाही. पेन्शन आयोगाने तो सुरुवातीला १० टक्क्यांवर न्यावा आणि पुढे मालकांच्या दराशी जुळवावा असे स्पष्ट सुचवले होते. सरकारने ही सूचना बाजूला ठेवली आणि सर्वांना सारखीच ०.७ टक्क्यांची शिडी लावली. शेतकरी, दुकानदार, वकील, सल्लागार यांची मते दुखावण्याची तयारी कोणत्याच पक्षाची नाही, एवढाच याचा अर्थ मला लागतो.

दुसरी गोष्ट साठवलेल्या पैशांची. आयर्लंडने याचा विचार फार लवकर केला होता. २००१ मध्ये राष्ट्रीय पेन्शन राखीव निधी सुरू झाला आणि दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का त्यात टाकायचे ठरले. २०२५ नंतरच्या वृद्धांसाठीच तो होता. २००८ मध्ये बँका कोसळल्यानंतर त्यातले २०.७ अब्ज यूरो अलाइड आयरिश बँक्स आणि बँक ऑफ आयर्लंड यांना सावरण्यात गेले, आणि उरलेला निधी २०१४ मध्ये देशांतर्गत गुंतवणुकीच्या वेगळ्या निधीत विलीन झाला. दोन्ही बँकांतला हिस्सा पुढे सरकारने विकला, पण ते पैसे पेन्शनसाठी म्हणून पुन्हा बाजूला काढले गेले नाहीत. बेताच्या उत्पन्नाच्या घराने मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे शेजाऱ्याच्या कर्जापायी द्यावेत, तसे हे झाले.

२०२४ मध्ये आता फ्यूचर आयर्लंड फंड हा नवा राखीव निधी आला आहे. २०३५ पर्यंत दरवर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, ०.८ टक्के त्यात जायचे आहेत आणि २०४१ पूर्वी त्याला हात लावायचा नाही. कल्पना चांगली आहे, पण पैसा येतो तो मुख्यतः कंपनी करातून, आणि त्या करातला निम्म्याहून अधिक भाग केवळ दहा कंपन्यांकडून येतो. वॉशिंग्टनमध्ये एक कायदा बदलला किंवा एखाद्या कंपनीने आपली बौद्धिक संपदा दुसरीकडे हलवली, तर हा ओघ आटू शकतो. म्हणून लिफीकाठ म्हणतात त्याला माझा पाठिंबा आहे : पेन्शनचा पाया अंशदानाचाच असावा आणि कंपनी कराला त्यावरची जोड समजावे.

शॅननवारा

ताळेबंद यांनी माझ्यासारख्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून उत्तर देणे आवश्यक वाटते. लिमरिकमध्ये माझे छोटे उपाहारगृह आहे. मी क्लास एस मध्ये आहे आणि आठ माणसांना पगार देतो.

क्लास एस आणि क्लास ए यांची तुलना केवळ पेन्शनवर करणे अपुरे आहे. मी आजारी पडलो तर मला आजारपणाचा भत्ता मिळत नाही. दुकान बंद म्हणजे उत्पन्न बंद. माझ्या कामगारांसाठी मी मालकाचा पीआरएसआय भरतोच. जानेवारीपासून किमान वेतन ताशी १४.१५ यूरो झाले आहे, त्याच दिवशी माय फ्यूचर फंड ही कामगारांना आपोआप सामील करणारी पेन्शन बचत योजना सुरू झाली आणि पात्र कामगारांमागे त्यांच्या पगाराच्या दीड टक्के रक्कम मला आणखी भरावी लागते. दहाव्या वर्षापर्यंत हा वाटा सहा टक्क्यांवर जाणार आहे. यापैकी एकाही गोष्टीला माझा तत्त्वतः विरोध नाही, कारण माझ्याकडची माणसे म्हातारपणी सुखी असावीत असे मलाही वाटते. पण या सगळ्यावर माझा स्वतःचा दर चारवरून दहावर नेला तर वर्षाला चाळीस हजार यूरो कमावणाऱ्या माझ्यासारख्याला दोन हजारांहून अधिक यूरो जास्त द्यावे लागतील. मोठ्या वकिलाला ते जाणवणार नाही, पण टॅक्सी चालवणाऱ्याला आणि पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या बाईला जाणवेल.

वयाविषयी माझे मत वेगळे आहे. आयोगाची सूचना अत्यंत सौम्य होती, वर्षाला तीन महिने. दीर्घ काळ अंशदान भरलेल्यांना पासष्टाव्या वर्षी निवृत्तीची वाट देता येईल का, याचाही विचार करायला आयोगाने सांगितले होते, म्हणजे जास्वंदताईंच्या आक्षेपाला तिथेच उत्तर सापडले असते. तो मार्ग बंद करून सगळा भार दरवाढीवर टाकला, आणि दरवाढ पुढची तीस-चाळीस वर्षे भरणार कोण? आज पंचविशीत असलेली मुले. ज्यांनी २०२० मध्ये वयवाढ मतपेटीतून रोखली त्यांतले अनेक जण आज पेन्शनवर आहेत आणि ते ही वाढीव टक्केवारी कधीच भरणार नाहीत.

उंबरठा

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत लहान सभासद असेन. माझे शिक्षण इथेच झाले आहे आणि नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत. शॅननवारा यांनी आमची बाजू मांडली त्याबद्दल आभार, पण आमच्या पिढीची खरी काळजी ०.७ टक्के पीआरएसआय ही नाही.

आयर्लंडचे सरकारी पेन्शन एका गृहीतकावर उभे आहे : निवृत्त होणाऱ्याचे स्वतःचे घर असेल आणि त्याचे कर्ज फिटलेले असेल. आजच्या बहुतेक वृद्धांच्या बाबतीत ते खरे आहे. आठवड्याचे २९९ यूरो म्हणजे महिन्याचे सुमारे तेराशे. ज्याला घरभाडे नाही, मोफत प्रवासाचा पास आहे, थंडीत इंधनभत्ता आहे, तो त्यात काटकसरीने राहू शकतो. डब्लिनमध्ये नव्या भाडेकराराचे सरासरी भाडे महिना दोन हजार यूरोंच्या वर गेले आहे. माझ्या वयाचे किती जण सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्या घरात असतील? जे भाड्यानेच राहतील त्यांचे पूर्ण पेन्शनही घरमालकाला पुरणार नाही, मग भाडेसाहाय्य सरकारलाच द्यावे लागेल. त्यामुळे २०५० च्या तुटीचा अंदाज करताना घरांचा प्रश्न वेगळ्या कप्प्यात ठेवणे मला चुकीचे वाटते.

पेन्शनची रक्कम दरवर्षी अर्थसंकल्पाच्या घासाघिशीत ठरते, हेही मला पटत नाही. सरासरी वेतनाच्या ३४ टक्के हे उद्दिष्ट सरकारी आराखड्यांत अनेक वर्षे लिहिलेले आहे. सरासरी साप्ताहिक वेतन आज हजार यूरोंच्या आसपास आहे. म्हणजे पेन्शन तीनशे चाळीसच्या जवळ असायला हवे होते. ते उद्दिष्ट कायद्यात आले तर निवडणुकीच्या वर्षी जास्त आणि इतर वर्षी कमी हा प्रकार थांबेल, आणि भरणाऱ्यालाही आपल्याला काय मिळणार ते आधी कळेल.

माय फ्यूचर फंडाविषयी मात्र मी आशावादी आहे. तीन यूरो माझे, तीन मालकाचे, एक सरकारचा, आणि खाते माझ्या नावाचे. जे स्वतःहून कधीच बचत करू शकले नसते अशा माझ्या अनेक मित्रांचे यंदा पहिल्यांदा असे खाते उघडले आहे. एक उणीव दिसते ती अशी की वर्षाला वीस हजार यूरोंहून कमी कमावणारे त्यात आपोआप येत नाहीत, आणि अर्धवेळ काम करणाऱ्या आयांचे उत्पन्न बहुधा तेवढेच असते.

सोलापूरकर

मी महाराष्ट्रातूनच हा धागा वाचतो आहे. माझी मुलगी आणि जावई दोन वर्षांपूर्वी गॉलवेला गेले. आमच्याकडे ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेचे किमान पेन्शन महिन्याला हजार रुपये आहे आणि २०१४ पासून ते तेवढेच आहे, त्यामुळे तुमची चर्चा वाचताना आकडे फारच मोठे वाटतात. माझे दोन प्रश्न आहेत. जावयांनी इथे बारा वर्षे भविष्यनिर्वाह निधी भरला आहे. ती वर्षे तिथल्या चाळिसांत धरली जातील का? आणि ते दोघे पुढे-मागे परत आले तर तिथे भरलेले पैसे वाया जातात का?

लिफीकाठ

सोलापूरकरकाका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. भारताचे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, कॅनडा अशा अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत, आयर्लंडशी नाही. त्यामुळे भारतातली बारा वर्षे इथे मोजली जात नाहीत. ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात काम केले असेल तर ती वर्षे पात्रतेसाठी धरली जातात. इथे भारतीयांची संख्या किती वाढली आहे ते पाहता, हा करार व्हावा म्हणून आपल्या संस्थांनी दोन्ही सरकारांकडे पाठपुरावा करायला हवा. चाळीस वर्षांचा नियम न्याय्य आहे असे मी म्हणतो, पण तो पूर्ण न्याय्य तेव्हाच होईल जेव्हा दोन देशांत विभागलेले कष्ट एकत्र मोजले जातील. जास्वंदताईंनी दाखवलेली स्टॅम्प ३ ची फट आणि ही फट, दोन्ही बुजवण्याजोग्या आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. अंशदायी पेन्शन जगात कुठेही मिळते, भारतातही. ५२० अंशदाने पूर्ण होण्याआधी इथून गेले तर मात्र हाती काही लागत नाही. म्हणून नऊ वर्षांनी परतण्याचा विचार असेल तर आणखी एक वर्ष थांबण्याचे मोल फार मोठे आहे. ५२० पूर्ण झाल्यावर परत गेलेल्यांना ऐच्छिक अंशदाने भरून पुढची वर्षे जोडता येतात, परंतु त्यासाठीचा अर्ज शेवटचे अंशदान ज्या वर्षात झाले ते वर्ष संपल्यापासून साठ महिन्यांच्या आत करावा लागतो. मालमत्ता आणि उत्पन्न तपासून दिले जाणारे दुसरे, बिनअंशदायी पेन्शन आयर्लंडबाहेर मिळत नाही आणि त्याला इथल्या नेहमीच्या वास्तव्याची अटही आहे. परदेशी लोक येतात आणि काही न भरता पेन्शन घेतात, असे अलीकडे जे बोलले जाते त्याला म्हणूनच आधार नाही. भरल्याशिवाय एक पेन्शन मिळत नाही आणि इथे राहिल्याशिवाय दुसरे मिळत नाही.

शॅननवारा, तुमच्या आकडेमोडीचा मी पुन्हा पुन्हा विचार केला. दहा टक्क्यांचा दर एका उडीत आणणे चुकीचे होईल हे मला मान्य आहे. पण नोकरदाराची शिडी पाच वर्षांची केली, तशी क्लास एस साठी दहा-बारा वर्षांची शिडी करता येईल, कमी उत्पन्नाला कमी दर ठेवता येईल, आणि त्या बदल्यात आजारपणाचा भत्ता देता येईल. आज तुम्हाला कमी भरावे लागते आणि कमी संरक्षण मिळते, दोन्ही वाढावे. वयाविषयी मात्र मी जास्वंदताईंच्या बाजूने आहे. ज्यांना पुढे काम करायचे आहे आणि करता येते, त्यांच्यासाठी जानेवारी २०२४ पासून सत्तरीपर्यंत पेन्शन पुढे ढकलण्याची सोय आहेच. त्या वर्षीच्या दरांत सहासष्टाव्या वर्षी २७७.३० यूरो होते आणि सत्तराव्या वर्षी घेतले तर ३३७.२० मिळत होते. आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांना तर याचा दुहेरी उपयोग आहे, कारण मधल्या चार वर्षांत भरलेली अंशदानेही एकूण हिशेबात धरली जातात. छत्तिसाव्या वर्षी आलेला अभियंता सत्तरीपर्यंत काम करू शकला तर त्याची तीस वर्षे चौतीस होतात.

जास्वंद

काकांच्या मुलीसाठी आणि इथल्या सर्वांसाठी एक विनंती. मायवेल्फेअर या सरकारी संकेतस्थळावरून आपल्या अंशदानांचा उतारा आताच मागवून ठेवा. आमच्या एका सहकारी परिचारिकेच्या उताऱ्यात सुरुवातीच्या मालकाकडची जवळजवळ एक वर्षाची अंशदाने दिसत नव्हती. तिच्याकडे त्या काळातली पगारपत्रके होती म्हणून ती नोंद दुरुस्त झाली. वार्षिक सरासरीच्या पद्धतीत एखाद्या वर्षाची अशी चूक बहुधा खपून जात असे. चाळीस वर्षांच्या हिशेबात प्रत्येक हरवलेल्या वर्षामागे पूर्ण पेन्शनचे अडीच टक्के, आजच्या दराने आठवड्याला सुमारे साडेसात यूरो, कायमचे कमी होतात. ज्यांचे पहिले मालक बंद पडले आहेत त्यांनी तर हे काम या महिन्यातच करावे.